किळसेचा अठरावा प्रश्न

किळस मोजता येते. निदान मला तसं शिकवलं गेलं, आणि नव्वदच्या दशकातल्या मधल्या दोन वर्षांत न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात मी ती मोजलीही. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे सहन न होण्याइतकी. मधले दोन, तीन, चार ज्याने त्याने आपल्या मनाने समजून घ्यायचे. ही हकिकत मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. सांगायला बसले की माझ्याच तोंडाला कडू चव येते. आज प्रयत्न करते. कुठे अडखळले तर समजून घ्यावं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. नागपूरला वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होते आणि आई सरकारी दवाखान्यात सफाईला. शिष्यवृत्ती मिळून मी अमेरिकेला निघाले तेव्हा वस्तीतल्या लोकांनी विहारात माझा सत्कार केला. एका आजोबांनी विचारलं, "मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचे डॉक्टर होतात ते का?" मी हो म्हणाले. एवढ्या लोकांसमोर दुसरं काही समजावून सांगायचं धैर्य मला झालं नाही.

माझ्या गाईड पन्नाशीच्या गोऱ्या बाई होत्या. स्वभावाने खरोखर चांगल्या. थंडीसाठी पहिला कोट त्यांनीच मला दिला. त्यांचा विषय किळस. माणसाला कशाची किळस येते, किती येते, आणि ती एका माणसात दुसऱ्यापेक्षा जास्त का असते, यावर त्या प्रश्नांची एक पट्टी तयार करत होत्या. पट्टी म्हणजे काही विधानांची यादी. प्रत्येक विधानापुढे एक ते पाच आकडे, आपल्याला लागू तो आकडा गोल करायचा, शेवटी सगळ्यांची बेरीज. ती बेरीज म्हणजे त्या माणसाची किळस.

माझी नेमणूक त्यांची मदतनीस म्हणून झाली होती. बिनखिडकीची एक खोली होती. तिथे सकाळी जाऊन मी बशा मांडायची. एका बशीत मेलेल्या अळ्या, दुसरीत आंबलेलं दूध, तिसरीत कंगव्यात अडकलेला केसांचा गुंता. केस धुतलेले असायचे, पण ते सांगायचं नाही असा नियम होता. अठरा-एकोणीस वर्षांची मुलंमुली कोर्सचं क्रेडिट मिळवायला यायची. अळीला बोट लावशील का, किती सेकंद धरशील, असं मी त्यांना विचारायची आणि हातातल्या घड्याळावर सेकंद मोजायची. मग त्यांना फॉर्म द्यायची. मुली ओरडायच्या. मुलं एकमेकांना दाखवायला अळी तोंडाजवळ नेऊन हसायची. सगळे गेले की बशा मी धुवायची, टेबल पुसायची, पुढच्या दिवसासाठी अळ्या मोजून ठेवायची. एकदा गाईड दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "या विभागात तुझ्याइतकं घट्ट पोट कुणाचं नाही." मला बरं वाटलं होतं. त्या वेळी मला कुणीही काहीही चांगलं म्हटलं की बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी माझ्या प्रबंधाचा विषय सुचवला. आतापर्यंत पट्टी फक्त इथल्या मुलांवर तपासली होती. बाहेरून आलेल्या लोकांत ती तशीच चालते का, हे कुणी पाहिलं नव्हतं. "तू आहेस, तुझे लोक इथे जवळच आहेत," त्या म्हणाल्या. तुझे लोक म्हणजे शेजारच्या एडिसन गावातली मराठी कुटुंबं. मी मान हलवली.

अशा कामाची एक रीत असते. मी इंग्रजी विधानं मराठीत आणायची. मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या मराठी माणसाने माझं मराठी परत इंग्रजीत न्यायचं. दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून कुठे फरक पडला ते बघायचं. ते काम इंजिनिअरिंगच्या एका मुलाने करून दिलं. काही विधानं आपल्याकडे लागूच पडत नव्हती, ती गाळली. त्यांच्या जागी गाईडनी मला नवी लिहायला सांगितली, "तुमच्या रोजच्या आयुष्यातली". मी लिहिली. भाजीत केस सापडणं. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्यातून पाणी पिणं. कचऱ्याच्या बादलीत पडलेली, मग साबणाने धुतलेली सफरचंदं खाणं. अशी होता होता जुनी-नवी मिळून सतरा झाली. अठरावं मी असं लिहिलं:

"दवाखान्यातले संडास साफ करणारी एक बाई घरी येऊन आंघोळ करते, धुतलेले कपडे नेसते आणि स्वयंपाक करते. तिच्या हातचं जेवण तुमच्यापुढे वाढलेलं आहे."

हे लिहिताना माझ्या मनात नक्की काय होतं, ते मला आजही धड सांगता येत नाही. मी याच जेवणावर वाढले होते. बहुधा मला बघायचं होतं. गाईडनी वाचलं आणि त्या खूश झाल्या. "छान. घाण निघून गेली तरी मनात राहते का, ते हा प्रश्न बरोबर पकडतो." ती बाई कोण, ते मी त्यांना सांगितलं नाही. इथल्या मुलांना तो इंग्रजीत दिला तेव्हा बहुतेकांनी एक किंवा दोनला गोल केला. एका मुलाने समासात लिहिलं, "हा प्रश्न इथे का आहे?" मला तो समास आवडला होता.

तेव्हा मी एडिसनला एका मराठी जोडप्याच्या घरात तळघरातली खोली घेऊन राहत होते. काका एका कंपनीत संगणकाचं काम करायचे. काकू मूळच्या मुंबईच्या, बी.एस्सी. झालेल्या. तिथल्या मराठी मंडळात त्या 'हेल्थकेअरमध्ये' आहेत असं सगळ्यांना माहीत होतं आणि ऐकणारे त्यांना नर्स समजायचे. खरं काय ते मला तळघरातल्या वॉशिंग मशीनमुळे कळलं, कारण ते माझ्या खोलीच्या दाराशीच होतं. काकू एका वृद्धाश्रमात मदतनीस होत्या. उठता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना पुसायचं, त्यांचे डायपर बदलायचे, चादरी उचलायच्या. आपला युनिफॉर्म त्या घरच्या कपड्यांत कधी मिसळायच्या नाहीत. वेगळा, कडक गरम पाण्यात, दोनदा धुवायच्या.

"मंडळात बोलू नकोस हं," त्या मला पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या. "लाज वाटत नाही गं मला. काम आहे. पण ह्यांची पोझिशन असते ना."

मी म्हटलं, "नाही बोलणार, काकू." माझ्या आईचं मीही त्यांना सांगितलं नव्हतं. आई सरकारी नोकरीत आहे, एवढंच म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं.

फॉर्म भरून घ्यायला माणसं हवी होती. काकूंनीच एका रविवारी दुपारी दहा-बारा जणींना सहकुटुंब जेवायला बोलावलं. मी सगळ्यांना नियम सांगितला. नाव लिहायचं नाही, एकमेकींचं बघायचं नाही, बोलायचं नाही, मनात येईल त्या आकड्याला गोल करायचा.

"अगं, परीक्षा आहे का?" ठाण्याच्या एक काकू म्हणाल्या आणि जेवणाच्या टेबलाभोवती सगळ्या खुर्च्या ओढून बसल्या. पहिलं विधान त्यांनी मोठ्याने वाचलं. मग पुढची सगळीच मोठ्याने वाचली गेली.

"पायावरून झुरळ जातं. पाच."

"पाचच आहे का शेवटचा? मला दहा दे बाई. आमच्याकडे एक झुरळ दिसलं की सासूबाई अख्खं स्वयंपाकघर धुवायला लावायच्या."

"तू तीन लिहिलंस? ई, यार. चालतं तुला झुरळ?"

"नाही गं, चालत नाही." तीनवाल्या बाईंनी खोडरबर मागितलं आणि पाच केला.

"भाजीत केस."

"कुणाचा ते लिही ना. नवऱ्याचा असला तर चार."

दिवाणखान्यातून कुणा काकांचा आवाज आला, "नवऱ्याची किळस किती, हा प्रश्न घेतलाय का?"

"त्याला पाच पुरायचे नाहीत, तुम्ही मॅच बघा," ठाण्याच्या काकू म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. तोवर मी खरोखर मजेत होते.

मग हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागलं. विद्यापीठातली मुलं फॉर्म भरताना किळस लपवायची. किळस म्हणजे त्यांना भित्रेपणा वाटायचा, म्हणून आकडे खाली यायचे. इथे उलटं चाललं होतं. इथे किळस ही मिरवायची गोष्ट होती. जिला जास्त किळस ती जास्त स्वच्छ, तिचं माहेर जास्त चांगलं, तिच्या घरचं वळण जास्त कडक. पुण्याच्या एक काकू प्रत्येक पाचासोबत एक आठवण सांगत होत्या. त्यांच्या आजीचं सोवळं, आजोबांचा वेगळा तांब्या, भांडी घासणारीने घासलेली भांडी पुन्हा विसळून घेण्याची पद्धत. बाकीच्या आपापल्या आज्यांचं सोवळं त्याच्यापुढे मांडत होत्या. मी किळस मोजायला बसले होते आणि माझ्यासमोर घराण्यांची चढाओढ लागली होती. या बाया विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतच नाहीत, हे मी वहीत टिपून ठेवलं. संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचं निरीक्षण आहे, असं मला वाटलं. म्हणजे मी अजून विद्यार्थिनीच होते.

अठराव्याशी आल्या.

ठाण्याच्या काकूंनी वाचलं आणि लगेच म्हणाल्या, "ह्यात काय विचारायचं? पाच."

"आंघोळ केलीय म्हणे तिने," तीनवाल्या बाई म्हणाल्या.

"आंघोळीने काय होतंय."

"बाई कोण ते लिहिलं नाहीये पण."

"लिहायला कशाला हवं? आपल्याकडे ते काम कोण करतं?"

पुण्याच्या काकूंनी चष्मा नीट केला. "आता तसं कुणी मानत नाही हं. आमच्या घरात तर अजिबात नाही. हे आपलं हायजीन म्हणून."

"हायजीन म्हणूनच."

"हो ना. हायजीन म्हणून पाच."

पेन्सिली खाली गेल्या. एकीचीही अडखळली नाही. माझ्या घरच्या काकू पुऱ्या तळत होत्या. कुणीतरी हाक मारली, "अहो, तुमचं राहिलं ना." त्या झारा बाजूला ठेवून, पदराला हात पुसत आल्या आणि उभ्या उभ्याच आकडे लिहीत गेल्या. झुरळाला दोन. ओकारीला एक. आंबलेल्या दुधाला एक. शेजारी बसलेल्या पुण्याच्या काकू वाकून बघत होत्या. "अगंबाई, तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही की," त्या म्हणाल्या. काकू हसल्या. अठरावं वाचून त्या थोड्या थांबल्या. मग त्यांनी पाच लिहिला आणि तळण करपेल म्हणून परत गेल्या.

आदल्या दिवशी त्यांची शिफ्ट होती. सकाळीच मशीन दोनदा फिरलं होतं. आता त्याच हातांच्या गरम पुऱ्या ताटात येत होत्या आणि हायजीनवाल्या सगळ्या जणी "काय टम्म फुगल्यात हो" म्हणत त्या खात होत्या.

मी वर बाथरूममध्ये गेले आणि ओकले. मेलेल्या अळ्यांनी कधी झालं नव्हतं ते झालं. मला कुणाची किळस आली ते मी तिथे गार फरशीवर बसून ठरवायचा प्रयत्न केला. ठाण्याच्या काकूंची, माझ्या घरच्या काकूंची, की नियम सांगून, फॉर्म वाटून, खाली मान घालून बसलेल्या माझी. खाली आले तेव्हा घरच्या काकूंनी मला कोकम सरबत दिलं. "पित्त झालंय पोरीला. अभ्यास, अभ्यास," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. ठाण्याच्या काकूंनी जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. "नागपूरला कुठे गं तुमचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उत्तर नागपूर. नागपूरच्या माणसाला त्यावरून माझी जात कळली असती; त्यांना नागपूर माहीत नव्हतं. छान, म्हणाल्या.

पुढच्या काही आठवड्यांत मी आणखी काही घरांत गेले, शेजारच्या गावांतही गेले. सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. आकडे संगणकात भरले आणि छापलेले कागद घेऊन गाईडकडे गेले.

त्यांनी पेन्सिलीने अठराव्या ओळीवर रेघ ओढली. "हा प्रश्न चालत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या लोकांत जवळजवळ सगळ्यांनी पाच लिहिलाय. ज्यांची एकूण किळस कमी त्यांनीही पाच, ज्यांची जास्त त्यांनीही पाच. माणसामाणसांतला फरक दाखवायला प्रश्न असतो. ज्यावर सगळ्यांचं एकमत, तो काहीच मोजत नाही. काढून टाक, पट्टी सुधारेल."

हिशोबाने त्यांचं बरोबर होतं. मला ते येत होतं, मी त्याची परीक्षा दिली होती. पण सगळ्यांचं एकमत आहे म्हणून ते मोजण्यासारखं नाही, हे ऐकून मला त्या कागदाचा वास आल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "मला तो ठेवायचा आहे."

"का?"

मी छापलेले कागद गोळा करू लागले. त्यांनी मला एक आठवडा दिला. काढायचा की ठेवायचा, आणि ठेवायचा तर कशासाठी, हे लिहून आणायचं. प्रबंध तपासणाऱ्या समितीसमोर त्याचं उत्तर मलाच द्यायचं होतं. शिष्यवृत्ती त्या सेमिस्टरला संपत होती, प्रबंध पुढे ढकलणं मला शक्य नव्हतं.

त्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या.

पहिली, काकू दुपारी कपड्यांची टोपली घेऊन खाली आल्या आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या. "तुझे ते फॉर्म गेले का कॉलेजात?"

"गेले, काकू."

"माझा एक आकडा बदलता येईल?" कुठला ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "मी स्वतः तेच करते आणि मी पाच लिहिला. त्या बघत होत्या गं. आधीच म्हणाल्या ना, तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही. मग मला वाटलं, त्यांना संशय येईल."

"फॉर्मवर नाव नसतं. तुमचा कुठला ते मला कळणार नाही."

हे खोटं होतं. बाकी सगळ्यांनी छापील आकड्यांना गोल केले होते. काकूंनी घाईत समासात मराठी आकडे लिहिले होते. तो फॉर्म मी शंभरांतून काढला असता.

"तूच बदल ना मग कुठलातरी. कुणाला कळतंय?"

"असं करता येत नाही, काकू. जे लिहिलं ते तसंच ठेवावं लागतं."

त्यांनी टोपली मशीनवर ठेवली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुझं शिक्षण आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या आकड्याचा. तीन पुऱ्या तळायला लागतात तेवढ्या वेळात त्यांनी तो लिहिला होता, आणि मी त्याला पुरावा म्हणत होते.

दुसरी गोष्ट, मी शनिवारी सकाळी नागपूरला फोन लावला. तिथे संध्याकाळ होती. आमच्याकडे फोन नव्हता, वस्तीच्या तोंडाशी असलेल्या बूथवाल्याने आईला बोलावून आणलं.

"जयभीम माय. बरी हायेस ना?" तिकडून आई म्हणाली.

"बरी आहे. आई, एक विचारायचंय. अभ्यासाचं आहे." मी अठरावं विधान तिला वाचून दाखवलं. तिला ते कुणाबद्दल आहे हे कळणारच होतं. मला तिच्या तोंडून 'एक' हा आकडा ऐकायचा होता. तिने हसून 'यात काय आहे' म्हणावं, आणि तो एकचा आकडा घेऊन मी सगळ्यांसमोर उभं राहावं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

बूथमधला पंखा ऐकू येत होता.

"पैल्या दिवशी मी नाही जेवली," ती म्हणाली.

"कुणाच्या हातचं?"

"माह्याच. कामावर लागली त्या दिवशी. घरी आली, दोनदा आंग धुतलं, लिंबानं हात घासले, भाकरी केली. तुह्या बापाले वाढली, तुले वाढली. मले घास नाही उतरला. हाताचा वास येत होता. नव्हता येत, पण येत होता. दोन-तीन दिवस तसंच."

"मग?"

"मग काय? भूक लागली. जेवली." तिने विचारलं, "बरोबर हाय का उत्तर? का नापास?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

मी फोन ठेवला. कामाच्या त्या पहिल्या दिवशी कुणी आईपुढे फॉर्म ठेवला असता तर तिनेही पाच लिहिला असता. तिचा पाच आणि ठाण्याच्या काकूंचा पाच माझ्या संगणकात एकाच रकान्यात, एकसारखे बसले असते. एकीला आपल्याच हाताची किळस आली होती, ती दोन-तीन दिवसांनी गेली. दुसरीला न पाहिलेल्या बाईची आली, आणि ती पिढ्यान् पिढ्या गेलेली नाही. पट्टीला हा फरक दिसत नव्हता. मी लिहिलेल्या प्रश्नालाही दिसत नव्हता. माझाच प्रश्न कच्चा होता. हे मला मान्य करावं लागलं, आणि ते मान्य करताना मला बरंही वाटलं, कारण आता भांडायला नको होतं. त्या बरं वाटण्याची किळस मला अजून येते.

सोमवारी गाईडकडे गेले. तरीही मी त्यांना सांगितलं. "ती बाई माझी आई आहे."

त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे खरंच भरून आले. त्या म्हणाल्या की मी हे आधी सांगायला हवं होतं, की त्यांना माझा अभिमान वाटतो. मग म्हणाल्या, "पण मग तर तो काढायलाच हवा. तू स्वतःच त्या प्रश्नात आहेस. समितीत कुणी हे विचारलं तर तुझ्या सगळ्या कामावर शंका येईल."

"झुरळाचा प्रश्न झुरळाने लिहिलेला नाही, म्हणून तो चालतो," मी म्हटलं. मला वाटतं तिथल्या दोन वर्षांत मी बोललेलं हे एकमेव धीट वाक्य.

त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. "मी तुझ्या भल्याचं सांगतेय," एवढंच म्हणाल्या. आणि ते खरं होतं, तीच तर अडचण होती.

मी अठरावा प्रश्न काढला. माझ्याच हाताने ती ओळ पुसली, बेरजा पुन्हा केल्या. पट्टी सुधारली. सतरा प्रश्न एकमेकांशी छान जुळत होते. प्रबंधात मी लिहिलं की एक विधान 'उत्तरांत पुरेसा फरक न आढळल्यामुळे' वगळलं. ते एक वाक्य, तेही तळटीपेत. समितीतल्या कुणीही ते कुठलं विधान म्हणून विचारलं नाही. मी पास झाले. हात मिळवताना एक प्राध्यापक म्हणाले, फार स्वच्छ काम आहे.

खोली सोडण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी मला वर जेवायला बोलावलं. काका कामावर होते. आम्ही दोघीच. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "माझ्या त्या आकड्याचं काय झालं शेवटी?"

"तो प्रश्नच काढून टाकला, काकू."

त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. "बरं झालं बाई. का काढला?"

"सगळ्यांनी सारखंच लिहिलं. सगळ्यांनी सारखं लिहिलं की तो धरत नाहीत."

"सगळ्यांनी पाच?"

"जवळजवळ."

त्या माझ्यासमोर बसल्या. मग मी सांगितलं. आई काय काम करते, ते विधान मी कशावरून लिहिलं, आम्ही कोण. हे सगळं चार-पाच वाक्यांत संपलं. एवढं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तू त्या दिवशी इथेच बसली होतीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"आधी सांगायचंस गं. तुझी आई आहे कळलं असतं तर मी एक लिहिला असता. शप्पथ."

"म्हणूनच सांगत नाहीत, काकू. फॉर्म भरणाऱ्याला आधी काही सांगायचं नसतं."

"मी तरी वेगळं लिहायला हवं होतं. मला तरी माहीत होतं." त्या उठल्या, ओट्याजवळ गेल्या, परत आल्या. "मग आता विचार ना. आता विचार मला."

मी त्यांना नाही म्हणू शकले नाही. खाली जाऊन एक कोरा फॉर्म आणि पेन्सिल घेऊन आले. त्यांनी तो नीट, हळूहळू भरला, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. या वेळी कुणी वाकून बघत नव्हतं. शेवटी त्यांनी पान उलटलं. मागची बाजू कोरी होती.

"हे सतराच आहेत," त्या म्हणाल्या.

"हो, काकू. आता सतराच आहेत."